अमानुल्लांच्या दोन मुंबईभेटी

अफगाणिस्तानचे अमानुल्ला खान १९१९ मध्ये गादीवर आले आणि त्याच वर्षी ब्रिटिशांशी लढून त्यांनी परराष्ट्र व्यवहाराचे स्वातंत्र्य मिळविले. डिसेंबर १९२७ मध्ये मुंबईमार्गे ते युरोपला निघाले, तेव्हा या शहरात त्यांचे जंगी स्वागत झाले. रोम, पॅरिस, बर्लिन, लंडन, मॉस्को येथील शाही सन्मान स्वीकारून १९२८ च्या उन्हाळ्यात ते परतले. पोशाख व स्त्रीशिक्षणाच्या सुधारणा त्यांनी घाईने लादल्या; सैन्याच्या वेतनाकडे मात्र दुर्लक्षच राहिले. नोव्हेंबरमध्ये शिनवारी टोळ्यांनी बंड पुकारले, तेव्हा राजधानी राखण्यास पुरेसे निष्ठावान सैन्य उरले नव्हते. जानेवारी १९२९ मध्ये त्यांनी गादी सोडली. त्याच वर्षी ते पुन्हा मुंबईस आले, ते इटलीला निघालेले निर्वासित म्हणून. मुंबईतच जन्मलेल्या कन्येचे नाव त्यांनी ‘इंडिया’ ठेवले.