मार्टिनस बायेरिंक व खाऱ्या जमिनींतील जंतु

ज्यांनीं कृष्णाकांठचा अथवा नीरेच्या कालव्याखालचा प्रदेश पाहिला असेल, त्यांस खाऱ्या जमिनीची ओळख करून द्यावयास नको. उसाला बेसुमार पाणी दिल्यानें जमिनीच्या पोटांतील क्षार वर येतात, पृष्ठभागावर त्यांचा पांढरा थर सांचतो, आणि ओल असूनहि पीक तहानेनें करपतें. कारण क्षारयुक्त पाणी मुळांस ओढून घेतां येत नाहीं. अशा भूमींत पिकास हात देणारे कांहीं सूक्ष्म जंतु आहेत. त्यांच्या शोधाचा माग काढीत गेल्यास आपण हॉलंडमधील मार्टिनस विलेम बायेरिंक यांच्या प्रयोगशाळेशीं येऊन पोंचतों.

बायेरिंक यांचा जन्म ता. १६ मार्च १८५१ रोजीं आम्स्टरडॅम येथें झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाल्यामुळें त्यांस रेल्वेंत कारकुनी पत्करावी लागली, व मुलाचें आरंभीचें शिक्षण त्यांनीं घरींच केलें. डेल्फ्ट येथें रसायनशास्त्र शिकत असतां पुढें जगप्रसिद्ध झालेले व्हांट हॉफ हे त्यांचे स्नेही होते. लायडन विद्यापीठाची डॉक्टरची पदवी १८७७ सालीं मिळाली. कांहीं काळ वागेनिंगेनच्या कृषिशाळेंत शिकविल्यावर १८८५ सालीं ते डेल्फ्टच्या यीस्ट व मद्यार्काच्या कारखान्यांत शास्त्रज्ञ म्हणून गेले.

त्याच कारखान्यांत असतां, १८८८ सालीं, त्यांनीं द्विदल धान्यांच्या मुळांवरील गांठींतून जंतु वेगळे काढून वाढविले. ह्या गांठी हवेंतील नत्रवायु पिकास मिळवून देतात, हें जर्मनींत हेलरीगेल व विल्फार्ट यांनीं नुकतेंच दाखविलें होतें. परंतु गांठींतील कामकरी कोण, तें बायेरिंक यांनीं हातीं धरून दाखविलें. १८९५ सालीं ते डेल्फ्ट येथें प्राध्यापक झाले. त्यांची युक्ति मोठी सोपी होती. ज्या द्रवांत नत्राचा अंशहि नाहीं, अशा द्रवांत ते बागेंतील चिमूटभर माती अगर कालव्याचें पाणी टाकीत. ज्यास हवेंतून नत्र घेतां येतें तोच जंतु त्यांत वाढे, इतर उपाशी मरत. अशा रीतीनें १९०१ सालीं त्यांस ॲझोटोबॅक्टर सांपडला. तंबाखूच्या पानांवरील रोगासंबंधीं १८९८ सालीं त्यांनीं केलेलें कार्य विषाणुशास्त्राच्या मुळाशीं आहे. पण तो विषय निराळा.

ह्या पुरुषाचा स्वभाव मात्र कडक होता. विद्यार्थी त्यांच्या जिभेस भीत. विवाह व शास्त्र यांचा मेळ बसत नाहीं असें मानून ते जन्मभर अविवाहित राहिले. त्यांच्या विद्वत्तेपुढें आम्ही नम्र आहोंत. पण वर्गांत रोज मुलांपुढें उभे राहणारे आम्ही शिक्षक ह्या एका बाबतींत त्यांची स्तुति करूं शकत नाहीं.

१९२१ सालीं, सत्तराव्या वर्षीं, ते निवृत्त होऊन गोर्सेल ह्या गांवीं आपल्या बहिणींसह राहूं लागले. तेथूनच १९२५ सालीं त्यांनीं पिळाच्या आकाराच्या एका जंतूविषयीं निबंध प्रसिद्ध केला. तो हवेंतील नत्र बांधूं शकतो काय, याची पक्की खात्री न पटल्यामुळें ह्या मानी शास्त्रज्ञानें निबंधाच्या शीर्षकांतच प्रश्नचिन्ह ठेविलें! ता. १ जानेवारी १९३१ रोजीं ते वारले, तेव्हां त्या प्रश्नाकडे कोणाचेंच फारसें लक्ष नव्हतें.

उत्तर मिळावयास जवळ जवळ अर्धें शतक लागलें. ब्राझीलमध्यें योहाना डोबेरायनर यांनीं तोच जंतु गवताच्या मुळांशीं नत्र बांधतांना पाहिला, व १९७८ सालीं त्याच्या जातीस ॲझोस्पिरिलम हें नांव मिळालें. पुढें पाकिस्तानच्या पंजाबांत, जेथें दुसरें कांहीं उगवत नाहीं अशा खाऱ्या रानांत वाढणाऱ्या कल्लर गवताच्या मुळांवर, त्याचाच एक भाऊबंद सांपडला; १९८७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. थोडें मीठ असल्यावांचून त्यास बरें वाटत नाहीं! मिठाच्या माऱ्यांत तो आपल्या देहांत एक विशिष्ट द्रव्य सांठवून तग धरतो. ह्या कुळांतील जंतु मुळांस फांटे फुटण्यास मदत करतात, म्हणून रोपास अधिक जागेंतून पाणी शोधतां येतें. जमिनींतील मीठ मात्र ते नाहींसें करीत नाहींत. त्याकरितां चर खणून पाण्याचा निचरा करावाच लागतो, आणि जमीन चोपण असल्यास जिप्समहि घालावें लागतें.

आपल्याकडे पेरणीपूर्वीं ज्वारीच्या बियाण्यास गुळाच्या पाण्यांत कालवून जें जीवाणु खत चोळतात, त्याच्या पुडीवर पुष्कळदां ॲझोस्पिरिलम हेंच नांव छापलेलें असतें.