श्री गाडगेमहाराज आणि संसाराचा जमाखर्च

आपल्या वऱ्हाडात पूर्णामाईच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे मोठी यात्रा भरते. तीर्थाच्या स्नानाने माणूस ऋणातून सुटतो, अशी भाविकांची श्रद्धा. परंतु सावकाराचे ऋण मुळात डोक्यावर चढूच नये, यासाठी काय करावे, हे जन्मभर सांगत फिरलेले सत्पुरुष म्हणजे श्री गाडगेमहाराज. वर्धापनदिनी त्यांचे स्मरण आपण संसारी भगिनींनी अवश्य करावे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे मूळ नाव. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूच्या आहारी गेले, त्यात प्रकृती ढासळली आणि ते अकाली वारले. घर उघडे पडले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरनजीक दापुऱ्याला माहेरी आली. तेथे मुलाने गुरे राखली, नांगर धरला, घाम गाळून शेत पिकविले. पण मामांची जमीन सावकाराच्या घशात गेली. एक घर व्यसनाने व आजाराने बसले, दुसरे कर्जाने. हे दोन्ही धडे डेबूजींना शाळेत न जाताच मिळाले.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती गाडगे आणि खराटा. ज्या गावी जावे तेथे दिवसा गटारे उपसावीत, रस्ते झाडावेत आणि रात्री त्याच लोकांना कीर्तनात प्रश्न विचारून विचार करावयास लावावे, असा त्यांचा क्रम. दारू सोडा, कर्ज काढून जेवणावळी घालू नका, मुलांना शिकवा, गाव स्वच्छ ठेवा, हा त्यांचा उपदेश. त्यांच्या खराट्यामागे मोठे अर्थशास्त्र होते. पटकी आणि हिवताप घाणीच्या व डबक्यांच्या आश्रयाने घरात शिरतात. मजूर अंथरुणाला खिळला की त्याची मजुरी बुडते, उशाशी बसणारीचीही बुडते. मग बैल विकला जातो, डोरले गहाण पडते आणि मुलाची शाळा सुटते. झाडलेले अंगण फुकट पडते. न झाडलेल्या अंगणाची किंमत मात्र पिढ्या मोजतात.

ऋणमोचनला त्यांनी १९०८ साली घाट बांधविला. पुढे नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. मुंबईस १९५४ साली जे. जे. रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा उभी केली, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. दवाखान्याचे दार उघडे असले म्हणजे गरिबाला उपचार मिळतोच असे नाही. खेड्यातून आलेल्या माणसाने रात्री पाठ कोठे टेकावी, भाकरी कोठे भाजावी? औषधापेक्षा हाच खर्च त्याला पुन्हा सावकाराच्या दारी नेतो. बाबांनी ती अडचण नेमकी हेरली. लाखो रुपयांच्या इमारती उभारणाऱ्या या पुरुषाने स्वतःच्या कुटुंबासाठी मात्र त्यातील एक खोलीही ठेवली नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी आजारी अवस्थेत अमरावतीकडे येत असता वलगावनजीक पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला. अमरावतीत त्यांची समाधी आहे आणि येथील विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे.

भगिनींनो, देशाची संपत्ती म्हणजे केवळ तिजोरीतील पैसा नव्हे. सकाळी उठून कामाला जाऊ शकणारी निरोगी माणसे, हीच ती संपत्ती. आपण घरखर्चाच्या वहीत दूध, किराणा, भाडे लिहितो. आजाराने बुडालेले दिवसही एकदा लिहून पाहावेत. आणि शेजारची कोणी बाई इस्पितळात असेल, तर तिच्या माणसाला डबा द्यावा, तिची मुले आपल्याकडे जेवू घालावीत. बाबांच्या धर्मशाळेची एक खोली अशी आपल्याही घरी असावी.