लहानपणीचा दमा आणि सैन्याची वर्दी : थिओडोर रूझवेल्ट यांच्या आयुष्यातून काय घ्यावे, काय घेऊ नये

तुमच्या मुलाला किंवा मुलीला लहानपणी दमा होता. आता दोन-तीन वर्षांत एकदाही धाप लागलेली नाही आणि त्याने किंवा तिने सैन्यात जायचे ठरवले आहे. कासारवाडीत हा प्रश्न काही नवीन नाही. शेजारी दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आहे, पलीकडे खडकीची छावणी आहे, आणि पहाटे मैदानावर भरतीसाठी धावणारी मुले रोज दिसतात. दुसऱ्या बाजूला कारखाने, वेल्डिंगची आणि पेंटची दुकाने, महामार्गाचा धूर, यामुळे खोकला आणि धाप यांच्या तक्रारीही घरोघरी आहेत. अशा वेळी कोणीतरी हमखास अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे नाव घेते. त्यांना कडक बाळदमा होता, व्यायामाने त्यांनी तो पळवला आणि लढाईवर गेले, असे सांगितले जाते. या गोष्टीत खरे किती आहे, हे तुम्ही नीट समजून घ्यावे म्हणून हा लेख.

रात्री बसून काढणारे मूल

थिओडोर यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमधील एका श्रीमंत घरात झाला. घरात त्याला टीडी म्हणत. अगदी लहान असल्यापासून त्याला दम्याचे झटके येऊ लागले. आडवे झाले की गुदमरायचे, म्हणून उशांना टेकून बसून रात्र काढावी लागे. वडील त्याला कडेवर घेऊन खोलीत येरझारा घालत. फारच त्रास झाला तर मध्यरात्री घोडागाडी जुंपून त्याला मोकळ्या हवेत फिरवून आणत.

ज्या घरात असे मूल आहे, त्यांना ही रात्र सांगायला नको. फरक एवढाच, की तेव्हा पंप नव्हता. टीडीला कडक काळी कॉफी पाजली जाई, उलटी होण्याचे औषध दिले जाई, आणि चक्क सिगारही ओढायला लावला जाई. यातल्या कॉफीला थोडासा आधार आहे. कॅफिन हे थिओफिलिन या दम्याच्या औषधाच्या कुळातले असून ते श्वासनलिका किंचित सैल करते. पण तो परिणाम फार दुबळा असतो, त्यामुळे झटक्यात कॉफीवर विसंबू नका. सिगारचा धूर तर दमेकऱ्याच्या श्वासनलिकांना सूज आणणाराच.

वडिलांचा सल्ला आणि तालीम

टीडी साधारण बारा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला समजावले, की बुद्धी चांगली आहे, पण शरीर साथ देत नाही. ते त्याने स्वतः घडवले पाहिजे. मुलाने ते मनावर घेतले. आधी बाहेरच्या व्यायामशाळेत आणि मग घरातच उभारलेल्या व्यायामाच्या जागेत तो रोज मेहनत करू लागला.

तरी झटके लगेच थांबले नाहीत. १८७२ च्या उन्हाळ्यात दम्याचा झटका येऊन गेल्यावर त्याला हवापालटासाठी मेन राज्यातील मूसहेड सरोवराकडे पाठवले. वाटेत त्याच्याच वयाच्या दोन मुलांनी त्याला यथेच्छ छळले आणि त्याला काहीच करता आले नाही. परत येऊन त्याने मुष्टियुद्धाची शिकवणी लावली. पुढे १८७६ मध्ये हार्वर्डला गेल्यावरही हा सराव चालूच राहिला.

हळूहळू झटके विरळ झाले. इथेच गोष्ट सांगणारे घाई करतात. शाळकरी वयात दमा असलेल्या पुष्कळ मुलांचा त्रास वयात येताना आपोआप कमी होतो. श्वासनलिका वाढतात, रुंद होतात. रूझवेल्ट यांच्या बाबतीत मेहनतीचा वाटा किती आणि वयाचा किती, हे कोणीच वेगळे करून दाखवू शकत नाही. शिवाय कॉलेजच्या दिवसांत आणि नंतरही त्यांना अधूनमधून दम्याचा त्रास झालेला आहे. म्हणजे दमा गेला नव्हता, शांत झाला होता.

व्यायामाने छाती, स्नायू आणि दमसास सुधारतो, आत्मविश्वास वाढतो. पण श्वासनलिकेची सूज व्यायामाने जात नाही. त्यासाठी औषधच लागते.

डॉक्टरांचा इशारा, आणि डोंगर

१८८० मध्ये हार्वर्डच्या डॉक्टरांनी तपासून रूझवेल्ट यांना सांगितले, की हृदय कमजोर आहे, जिनेसुद्धा जपून चढा. त्यांनी ते ऐकले नाही. पुढच्याच वर्षी ते मॅटरहॉर्न शिखर चढून गेले. ही गोष्ट ऐकताना एवढे लक्षात ठेवा, की तेव्हा ईसीजी नव्हता, एको नव्हता. तो इशारा बरोबर होता की चूक, हे तपासण्याचे साधनच नव्हते. आज ते आहे, त्यामुळे डॉक्टरांचे न ऐकणे हा धडा या गोष्टीतून घेण्यासारखा नाही.

१४ फेब्रुवारी १८८४ रोजी त्यांची आई आणि पत्नी एकाच दिवशी वारल्या. त्यानंतर ते डाकोटाच्या ओसाड मुलखात गुरांच्या कुरणावर राहायला गेले. उन्हातान्हात घोड्यावर काढलेल्या त्या काळात ते बरेच दणकट झाले.

१८९८ : लढाईवर

अमेरिकेच्या यादवी युद्धात रूझवेल्ट यांच्या वडिलांनी पैसे भरून आपल्या जागी दुसरा माणूस पाठवला होता. ही गोष्ट मुलाच्या मनाला लागून राहिली असावी, असे अनेक चरित्रकार मानतात. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झाले तेव्हा रूझवेल्ट ३९ वर्षांचे होते आणि नौदल खात्यात सहायक सचिव होते. ते पद सोडून ते स्वयंसेवकांच्या घोडदळ पलटणीत लेफ्टनंट कर्नल झाले. पलटणीचे प्रमुख लिओनार्ड वुड हे स्वतः डॉक्टर होते. क्युबातील सॅन हुआन टेकड्यांवर १ जुलै १८९८ रोजी झालेल्या चढाईत रूझवेल्ट पुढे होते. या लढाईसाठी अमेरिकेचा सर्वोच्च शौर्य सन्मान त्यांना २००१ मध्ये, मरणोत्तर मिळाला.

ते पलटणीत गेले ते ओळख, पद आणि राजकीय वजन यांच्या जोरावर. आज तुमच्या मुलाला जी वैद्यकीय तपासणी द्यावी लागते, तिच्याशी त्याची तुलना होत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, त्या युद्धात अमेरिकेचे सैनिक गोळ्यांपेक्षा तापाने आणि साथीच्या रोगांनीच अधिक मेले. आजार मोहिमेला कसा मोडतो, हे सैन्याने तेव्हाच पाहिले.

१९०१ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. पुढे १९१४ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलातील नदीमोहिमेत ताप आणि पायाला झालेला जंतुसंसर्ग यांनी ते मरता मरता वाचले. ६ जानेवारी १९१९ रोजी वयाच्या ६० व्या वर्षी झोपेतच त्यांचे निधन झाले.

सैन्य दम्याबद्दल का विचारते?

दुसरे नाव चे गवेरा यांचे. त्यांना वयाच्या दुसऱ्या वर्षापासून दमा होता आणि अर्जेंटिनाच्या सैन्याने त्यांना त्याच कारणाने अपात्र ठरवले होते. पुढे ते डॉक्टर झाले आणि बंडखोरांच्या सैन्यात लढले. १९६७ मध्ये बोलिव्हियाच्या जंगलात त्यांचा औषधांचा साठा शत्रूच्या हाती पडला. त्यानंतर दम्याने त्यांचे अतोनात हाल झाले आणि सबंध तुकडीची चाल मंदावली.

सैन्याची काळजी नेमकी हीच आहे. थंडी, धूळ, धूर, उंची आणि दमछाक ही सगळी दमा उठवणारी कारणे सीमेवर एकत्र असतात, आणि औषध पोहोचेलच याची खात्री नसते. मोठेपणी दमा पुन्हा उठू शकतो, म्हणून जुना इतिहासही विचारला जातो.

नियम देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेत १३ व्या वाढदिवसानंतर दमा असल्यास तो अपात्रतेचे कारण धरतात. भारतात निकष अधिक कडक आहेत. उदाहरणार्थ, वायुदलाच्या निकषांत दमा, छातीतील घरघर किंवा ॲलर्जीच्या सर्दीचे वारंवार झटके येऊन गेल्याचा इतिहास हे नाकारण्याचे कारण आहे. सेवेनुसार निकष बदलतात, म्हणून ज्या भरतीला जायचे तिची ताजी जाहिरात स्वतः वाचा.

तुम्ही काय करावे?

- भरतीसाठी उपचार टाळू नका. कागदावर दमा येऊ नये म्हणून मुलाला पंपाशिवाय ठेवणे धोक्याचे आहे. उपचाराविना राहिलेला दमा जीव घेऊ शकतो. पंपाची सवय लागत नाही.
- निदान खरेच दम्याचे होते का, हे तपासून घ्या. लहान मुलांत सर्दीबरोबर येणारी प्रत्येक घरघर दमा नसते. जुन्या फाइली घेऊन छातीच्या डॉक्टरांना भेटा. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री आणि गरज पडल्यास पुढच्या तपासण्या यांवरून आजची स्थिती कळते.
- धावताना लक्ष ठेवा. १.६ किलोमीटर धावल्यावर दम लागणारच. पण थांबल्यावर खोकल्याची उबळ, घरघर किंवा छाती आवळणे असेल, तर तो सरावाचा अभाव समजू नका.
- घरातला धूर आणि वाफा कमी करा. विडी-सिगारेट आणि मच्छर कॉइल बंद करा. स्प्रे पेंटिंगच्या काही रंगांतील आयसोसायनेट या रसायनांमुळे दमा होऊ शकतो. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी कपडे बदलूनच घरी यावे.
- तपासणीत खोटे सांगू नका. माहिती लपवल्याचे उघड झाल्यास निवड रद्द होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे, ऐन गरजेच्या वेळी सोबत्यांना तुमचा आजार ठाऊकच नसेल. अधिकारी भरतीत अपात्र ठरल्यास अपील वैद्यकीय मंडळाकडे दाद मागता येते. तिथे खरी कागदपत्रेच उपयोगी पडतात.

मुलाला नकार मिळाला तर ते त्याच्या हिमतीचे मोजमाप नाही, हे त्याला घरच्यांनी सांगायला हवे. आणि ज्याचा दमा औषधाने आटोक्यात आहे, त्याने रूझवेल्ट यांच्यासारखे रोज मैदानावर जरूर जावे. फक्त तातडीचा पंप खिशात असू द्यावा.

झटक्यात बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. हा लेख माहितीसाठी आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.