हैदराबादचे रहीमसाहेब

2024 च्या रमजान ईदला अजय देवगणचा 'मैदान' चित्रपटगृहांत आला. ईदच्या सुट्टीनंतर वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले की, असा माणूस खरोखर होऊन गेला, की सिनेमावाल्यांनी रचला? प्रश्न स्वाभाविक होता. आपल्या श्रीगोंद्यात संध्याकाळी मैदानावर कबड्डी, खो-खो, क्रिकेट दिसेल, फुटबॉल क्वचित. तास संपत आला होता, म्हणून तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिले. ते नीट द्यायचे राहून गेले होते.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 चा, हैदराबादचा. हैदराबाद आपल्याला फारसे परके नाही. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या आष्टी तालुक्यात तेव्हा निजामाचा अंमल होता आणि मराठवाड्यातली मुले उच्च शिक्षणासाठी उस्मानिया विद्यापीठात जात. तिथे शिक्षणाचे माध्यम उर्दू. रहीम याच विद्यापीठाचे पदवीधर आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले खेळाडू. पुढे ते शिक्षक झाले. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट अशा शाळांतून त्यांनी शिकवले, मध्येच शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि मग शाळेतल्या खेळांची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

1943 मध्ये ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत सचिवच राहिले. क्रीडा संघटनेचे सचिवपद म्हणजे पावतीपुस्तक, पंचांच्या जेवणाची व्यवस्था आणि बक्षीस समारंभात पुढची खुर्ची, असा आपला अनुभव. रहीमसाहेबांनी त्या पदाची शाळा केली. वयोगटानुसार स्पर्धा सुरू केल्या. एक स्पर्धा अशी की, खेळाडूने आपल्या कमजोर पायानेच चेंडू मारायचा. उजव्या पायाने खेळणाऱ्याने फक्त डावा वापरायचा. दुसरीत चेंडू पायात घोळवत नेण्यास मनाई. मिळाला की लगेच साथीदाराकडे द्यायचा. वरवर गंमत वाटते, पण यातून दोन्ही पायांनी खेळणारी आणि चेंडूचा मोह न धरणारी पोरे तयार झाली. सिकंदराबादचा तुळशीदास बलराम हा गरीब घरातला मुलगा. सरावाला यायला त्याच्याकडे भाड्याचे पैसे नसत. रहीमसाहेबांनी त्याच्यासाठी सायकलची सोय केली. हाच बलराम पुढे भारताच्या सर्वोत्तम आघाडीपटूंत गणला गेला.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांच्या जखमा मराठवाड्यात हिंदू आणि मुसलमान, दोन्हींच्या घरांत आहेत. वडीलधारी माणसे आजही त्याविषयी हलक्या आवाजात बोलतात. त्या गावातल्या या मुसलमान शिक्षकाने त्यानंतर दोनच वर्षांनी, 1950 मध्ये, हैदराबाद सिटी पोलीसचा संघ हाती घेतला. त्या वर्षी या संघाने ड्युरंड चषकाच्या अंतिम फेरीत मोहन बागानला हरवले. मुंबईच्या कूपरेज मैदानावरचा रोव्हर्स चषक तर 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे हैदराबादला गेला. आणि मार्च 1951 मध्ये, दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत, रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली भारताने इराणला 1-0 ने हरवून सुवर्णपदक घेतले. तो एकमेव गोल साहू मेवालालचा.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकला मात्र संघ जमिनीवर आदळला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. युगोस्लाव्हियाने दहा गोल केले, आपला एक. घरी परतताना या आकड्याचे काय करायचे, हा खरा प्रश्न होता. थंडीला, ओल्या मैदानाला दोष देता आला असता. रहीमसाहेबांनी ते सुवर्णपदक जिंकणाऱ्या हंगेरीचा खेळ अभ्यासला. मधला आघाडीपटू थोडा मागे ठेवून खेळण्याची त्यांची पद्धत भारतात आणली. महासंघानेही बूट सक्तीचे केले.

चार वर्षांनी, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत 4-2 ने जिंकून उपांत्य फेरीत गेला. आशियातला दुसरा कुठलाही देश तोवर तिथे पोहोचला नव्हता. समोर आला पुन्हा युगोस्लाव्हिया! पहिला गोल भारताचा, डिसूझाचाच. अखेर सामना 1-4 ने गेला आणि कांस्यपदकाचाही, पण 10-1 च्या शेजारी हा आकडा ठेवून पाहिला की मधल्या चार वर्षांचे काम दिसते.

1960 मध्ये रोमला भारताने फ्रान्सशी 1-1 अशी बरोबरी केली. त्या चमूत रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीमही होता. त्याला एकाही सामन्यात मैदानावर उतरायला मिळाले नाही. प्रशिक्षक वडील होते, हे लक्षात घेऊन वाचकांनी काय तो अर्थ काढावा.

1962 ची जकार्ता. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी स्पर्धेबाहेर ठेवले होते. भारताचे क्रीडा अधिकारी जी. डी. सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतल्याने तिथले लोक भारतावर चिडले. जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला. खेळाडूंना बसमध्ये दबून बसून मैदानावर जावे लागे. त्यात रहीमसाहेबांची प्रकृती ढासळलेली आणि पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून 0-2 असा गमावलेला. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंगचे डोके फुटले, टाके पडले. रहीमसाहेबांनी त्यालाच पुढच्या सामन्यांत आघाडीला खेळवले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला.

4 सप्टेंबरला अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशी. सुमारे लाखभर प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते. त्या गोंगाटात पाकिस्तानचे हॉकीपटू मात्र आपल्या संघाला प्रोत्साहन देत होते, हे आपल्या खेळाडूंनी पुढे आयुष्यभर सांगितले. पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला, दुसरा टाके घातलेल्या जर्नेलने. भारत 2-1 ने जिंकला.

पुढच्या वर्षी, 11 जून 1963 रोजी, कर्करोगाने रहीमसाहेब गेले. वय अवघे 53. त्यांच्या वाट्याला पद्म सन्मान आला नाही. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तोच 1985 मध्ये. मुलगा हकीम यांना 2017 चा ध्यानचंद पुरस्कार मिळाला. 2021 मध्ये तेही गेले.

रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला गेलेला नाही. आशियाई स्पर्धेतले सुवर्णही जकार्ताचेच शेवटचे.