न्यायमूर्ती रानडे आणि तुंबलेल्या खटल्यांचा हिशेब

जानेवारी महिना आला की न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे स्मरण करण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा आणि मृत्यू १६ जानेवारी १९०१ चा. म्हणजे जयंती आणि पुण्यतिथी एकाच आठवड्यात येतात. या आठवड्यात सभा होतात, समाजसुधारक रानडे, प्रार्थनासमाजाचे रानडे, भारतीय अर्थशास्त्राचे जनक रानडे यांवर व्याख्याने होतात. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने अशी व्याख्याने मीही दिली आहेत. परंतु ज्या कामासाठी सरकार त्यांना पगार देत होते आणि ज्यात त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे गेली, त्या न्यायदानाच्या कामाविषयी आपण फारसे बोलत नाही. 'न्यायमूर्ती' ही उपाधी आपण त्यांच्या नावाचा भाग करून टाकली आणि तिचा अर्थ विसरलो.

मला तो आठवला तो करमाडच्या बसथांब्यावर. सकाळच्या वेळी छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या गाडीत कामगार, विद्यार्थी आणि कचेऱ्यांतील नोकरदार असतात, तसाच हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद धरलेला एखादा माणूसही असतो. त्याला कोठे निघालात असे विचारावे लागत नाही. त्याची तारीख असते. संध्याकाळी तोच माणूस पुढची तारीख घेऊन परततो. त्याच्या बुडालेल्या रोजाची, भाड्याची आणि वकिलाच्या फीची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही. ही नोंद कोणी ठेवावी, हा प्रश्न रानड्यांच्या चरित्राशी जोडलेला आहे.

निफाडला जन्म, कोल्हापुरात बालपण, मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण, नव्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत गणना, १८६४ साली एम.ए. आणि १८६६ साली एलएल.बी. हा तपशील शालेय पुस्तकांत आहे. मध्यंतरी अक्कलकोट व कोल्हापूर संस्थानांत काही काळ नोकरी आणि एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजीचे अध्यापन झाले. १८७१ साली ते पुण्यास प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून आले आणि त्यांच्या खऱ्या कार्याला प्रारंभ झाला.

ते पुण्यात आले तेव्हा दख्खनचा शेतकरी न्यायालयाच्या दारातच नागवला जात होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्याच सुमारास फेरपाहणी होऊन सारा वाढला. सावकाराने पूर्वी हात सैल सोडून दिलेले कर्ज आता वसुलीला काढले. येथपर्यंतची कथा बाजारपेठेची आहे. यापुढची कथा न्यायालयाची आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू असा की व्याज अनिश्चित काळ साठत जाऊ नये. घडले ते उलटे. सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि न्यायालय त्या रोख्यावरचा अंगठा पाहून हुकूमनामा देऊ लागले. शेतकरी बहुधा हजरच राहत नसे. समन्स पोहोचले की नाही, रोख्यात लिहिलेली रक्कम खरोखर हातात पडली की नाही, हे पाहण्यास न्यायाधीशाजवळ वेळ नव्हता आणि कायद्याने त्याला तसे बंधनही नव्हते. दावे झटपट निकालात निघत होते. खटले तुंबणे हा एकच रोग नव्हे, ही गोष्ट आजच्या निकाली प्रकरणांच्या आकड्यांवर खूश होणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली आणि पुणे व नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. माणसांना फारशी इजा झाली नाही. राग कागदावर होता. शेकडो लोकांना अटक झाली. दिवाणी न्यायालयाचा निष्काळजीपणा अशा रीतीने फौजदारी न्यायालयाच्या पायरीवर येऊन पोहोचला. सरकारने चौकशी आयोग नेमला. पुणे सार्वजनिक सभेने त्या दशकात रयतेच्या स्थितीची माहिती गोळा केली आणि लोकांचे तंटे लवादाने मिटविण्याचा प्रयत्नही केला. त्या सभेचे त्रैमासिक १८७८ पासून निघू लागले, त्यातील विचारामागे प्रामुख्याने रानडे होते. दिवसा सरकारी न्यायाधीश आणि उरलेल्या वेळी सरकारच्या धोरणाचा परीक्षक, अशी ही दुहेरी भूमिका त्यांनी कशी निभावली असेल, याचे आजच्या सरकारी नोकरास नवल वाटेल.

सरकारला ते नवल वाटले नाही, संशय आला. १८७८ साली रानड्यांची बदली नाशिकला झाली. १८७९ च्या मे महिन्यात, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमीत, पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या आणि रानड्यांना धुळ्याला हलविण्यात आले. तेथे त्यांचा टपालव्यवहार तपासला जात होता, असे रमाबाईंनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. न्यायाधीशाची पत्रे फोडण्यास सरकारजवळ माणसे होती. समन्स शेतकऱ्याच्या हाती पडले की नाही हे पाहण्यास मात्र नव्हती.

त्याच १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा संमत झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत होते. रोख्यामागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचे कर्तव्य न्यायाधीशावर आले. कर्जापायी होणारी कैद बंद झाली. दाव्यापूर्वी तडजोडीचा प्रयत्न, गावपातळीवरचे मुन्सफ, दस्तऐवज नोंदणीची गावातच सोय, अशा तरतुदी झाल्या. पण माझ्या मते या कायद्यातील सर्वांत विचारपूर्वक केलेली तरतूद वेगळीच होती. कनिष्ठ न्यायालयांवर देखरेख करणारा, त्यांच्याकडे स्वतः जाऊन दप्तर तपासणारा, चुकीचा निकाल दुरुस्त करू शकणारा आणि कायद्याच्या अंमलाचा वार्षिक अहवाल सरकारला देणारा एक विशेष न्यायाधीश नेमण्यात आला. डॉ. पोलन यांची त्या जागी नेमणूक झाली.

१८८१ च्या आरंभी रानडे काही काळ मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट होते; फौजदारी न्यायालयाचा तेवढा अनुभव घेऊन ते पोलन यांचे साहाय्यक झाले. मधल्या काळात पुण्याच्या लघुवाद न्यायालयाचे काम आणि मुंबई विधिमंडळाचे सभासदत्व त्यांनी केले. १८८६ साली लॉर्ड डफरिन यांच्या सरकारने नेमलेल्या वित्तसमितीवर ते गेले. पुढच्या वर्षी पोलन यांच्या जागी ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले आणि १८९३ पर्यंत त्या पदावर राहिले. चार जिल्ह्यांतील तालुक्यांच्या गावी मुक्काम टाकीत, न्यायालयामागून न्यायालय पाहत त्यांची फिरती चाले. नोंदवह्या उघडायच्या, दाव्यांचे कागद वाचायचे, न्यायाधीशाने शेतकऱ्याला खरोखर प्रश्न विचारले आहेत की नुसते छापील रकाने भरले आहेत हे पाहायचे, असे ते काम. याच वर्षांत त्यांची अर्थशास्त्रीय मांडणी पक्व झाली. भारतीय अर्थकारणावरील त्यांचे प्रसिद्ध व्याख्यान १८९२ साली डेक्कन कॉलेजात झाले. इंग्लंडात तयार झालेले सिद्धान्त येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हा त्यातील मुद्दा आम्ही वर्गात शिकवतो. त्याचे मूळ ग्रंथालयाइतकेच तालुक्याच्या कचेरीतील त्या दप्तरात असावे, असे मला वाटते.

त्या कायद्याचे गुणगान करण्याचा हेतू नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट काढली. तडजोडीची यंत्रणा पुढे मोडीत निघाली. आणि करमाडच्या शेतकऱ्याला त्याचा लाभ मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण हा मुलूख निजामाचा. तरीही न्यायालये कशी चालतात याची जबाबदारी सरकारने स्वीकारली, त्यासाठी एक माणूस नेमला आणि त्याच्याकडून दरवर्षी हिशेब मागितला, एवढे तरी त्या परक्या सरकारच्या पदरी घालावे लागते.

आज फौजदारी न्यायाच्या बाबतीत हा हिशेब कोणाकडे मागावा? दिवाणी दाव्यात दोन खाजगी पक्ष भांडतात. फौजदारी खटल्यात फिर्यादी पक्ष बहुधा सरकारच असते. तपास करणारे पोलीस सरकारचे, अभियोक्ता सरकारचा, मुद्देमाल तपासणारी न्यायवैद्यक प्रयोगशाळा सरकारची, आरोपीला तुरुंगातून आणणारी तुकडी सरकारची, न्यायालयाची इमारत आणि न्यायाधीशाचा पगारही सरकारी तिजोरीतला. तरी विलंबाचा विषय निघाला की बोट वकिलांकडे किंवा न्यायाधीशांकडे दाखविले जाते. वकिलांच्या तहकुब्या आणि रिकाम्या जागा भरण्यातील उच्च न्यायालयांची दिरंगाई मी नाकारीत नाही. पण ज्याच्या हाती पाच किल्ल्या आहेत त्याने सहाव्या किल्लीसाठी दुसऱ्याला दोष द्यावा, हे पटण्यासारखे नाही.

आकडे बोलके आहेत. दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश आहेत, ते पाच वर्षांत पन्नास करावेत, अशी शिफारस विधी आयोगाने १९८७ साली केली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तसा आदेशही दिला. आजही हे प्रमाण पन्नासाच्या निम्म्यापर्यंत पोहोचलेले नाही. जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश फौजदारी आहेत. तुरुंगांतही चारांपैकी तीन माणसे कच्चे कैदी, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अद्याप निर्दोष. जलद सुनावणी हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ सालीच ठरविले आहे. तरी पैशाचे काय झाले ते पाहा. अकराव्या वित्त आयोगाने १७३४ जलदगती न्यायालयांसाठी सुमारे ५०३ कोटी रुपये सुचविले. ती न्यायालये सुरू झाली, त्यांची मुदत वाढली आणि ३१ मार्च २०११ नंतर केंद्राने आपला हात काढून घेतला. पुढे काय करायचे ते ज्या त्या राज्याने पाहावे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत मुदती आहेत. युक्तिवाद संपल्यावर तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल, तहकुब्यांवर मर्यादा, प्रथमच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला की, गंभीर अपवाद सोडता, सुटका. कलमे चांगली आहेत. परंतु त्या मुदती पाळण्यासाठी किती न्यायाधीश, किती अभियोक्ते, किती प्रयोगशाळा लागतील आणि त्या न पुरविल्यास विधानसभेत कोण उत्तर देईल, हे त्यात नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची आठवण मला येथे होते. मराठवाड्याला तर न्याय जवळ आणण्यासाठी किती खटपट करावी लागते याचा अनुभव आहे. औरंगाबादचे खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले तेही दीर्घ मागणीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद जाऊन टिकले. आता उच्च न्यायालय जवळ आहे. पिशवीत कागद घेतलेल्या माणसाचा खटला मात्र त्याच्या खालच्या पायरीवर आहे.

काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या अकाली निधनानंतर १८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयावर गेले. सात वर्षे त्यांनी तेथे काम केले, मराठ्यांच्या उदयावरचा ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध केला आणि प्रकृती ढासळल्यावर रजा घेतली. त्या रजेतच त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता.