गौहरजान : कलकत्त्यातील पहिली तबकडी, म्हैसूरमधील अखेरचे दिवस

भारतात व्यापारी तत्त्वावर ध्वनिमुद्रित झालेल्या पहिल्या नामवंत गायिका गौहरजान यांचे १७ जानेवारी १९३० रोजी म्हैसूर येथील कृष्णराजेंद्र रुग्णालयात निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५६ वर्षांचे होते. ज्या गायिकेच्या ध्वनिमुद्रिका देशभरातील घरांतून वाजल्या, तिने अखेरची सुमारे दीड वर्षे म्हैसूर संस्थानच्या दरमहा ५०० रुपयांच्या वेतनावर काढली. यंत्राने एका आवाजाला देशभर नेले, त्या आवाजाच्या गाण्याचा आकारही बदलला. पण त्याच यंत्राने पुढचे पाऊल टाकले तेव्हा त्या गायिकेला मागे सोडले. भारतीय लोकप्रिय संगीताच्या इतिहासातील हे पहिलेच मोठे उदाहरण म्हणावे लागेल.

गौहरजान यांचा जन्म २६ जून १८७३ रोजी आझमगड येथे झाला. त्यांचे जन्मनाव अँजेलिना येओवर्ड. वडील विल्यम रॉबर्ट येओवर्ड हे आर्मेनियन वंशाचे, तर आई व्हिक्टोरिया हेमिंग्ज यांना संगीत व नृत्याचे शिक्षण मिळालेले होते. १८७९ मध्ये हा विवाह मोडला. १८८१ मध्ये आई व मुलगी बनारसला आल्या आणि तेथे दोघींनी इस्लाम धर्म स्वीकारला. व्हिक्टोरिया मलकाजान झाल्या आणि अँजेलिना गौहरजान. मलकाजान यांनी गायिका म्हणून अल्पावधीत मोठा लौकिक मिळवला. १८८३ मध्ये मायलेकी कलकत्त्यात स्थायिक झाल्या. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह तेव्हा मटियाबुर्ज येथे राहत होते आणि त्यांच्याभोवती लखनौचे गवई, वादक व नर्तक जमले होते. थोड्याच वर्षांत मलकाजान यांनी चितपूर रोडवर ४० हजार रुपयांना घर विकत घेतले, अशी नोंद मिळते. त्या काळाचा विचार करता ही रक्कम डोळे विस्फारावी अशीच होती.

गौहरजान यांची तालीम याच कलकत्त्यात झाली. पतियाळाचे काले खाँ, रामपूरचे वझीर खाँ यांच्यासारखे उस्ताद त्यांना लाभले. कथकाची तालीम बिंदादीन महाराजांकडून मिळाली. धृपद-धमारापासून बंगाली कीर्तनापर्यंत अनेक प्रकार त्या शिकल्या. १८८७ मध्ये दरभंगा संस्थानात त्यांनी पहिला कार्यक्रम केला. म्हणजेच ध्वनिमुद्रणाचे यंत्र भारतात येण्यापूर्वी पंधरा वर्षे त्या मैफली गाजवीत होत्या. हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण तबकडीने त्यांना घडवले असा समज अनेकदा आढळतो. तो खरा नाही.

१९०२ च्या ऑक्टोबरअखेरीस ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेडरिक विल्यम गेसबर्ग लंडनहून कलकत्त्यास पोहोचले. ८ नोव्हेंबर रोजी त्यांनी क्लासिक थिएटरच्या शशिमुखी व फणिबाला या दोन तरुण नट्यांचे आवाज मुद्रित केले. त्यानंतर तीन दिवसांनी, म्हणजे ११ नोव्हेंबर १९०२ रोजी, गौहरजान यंत्रासमोर बसल्या. प्रत्येक बैठकीसाठी त्यांनी तीन हजार रुपये मागितल्याचे सांगितले जाते. त्या येताना मोठा लवाजमा बरोबर आणीत आणि एकदा घातलेले दागिने व वस्त्रे पुन्हा घालून येत नसत, असे गेसबर्ग यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे.

मुद्रणाची ती पद्धत आज विलक्षण वाटेल. ध्वनिवर्धक नव्हता, विजेचा उपयोगही नव्हता. भिंतीतून पुढे आलेल्या एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायकाने मोठ्या आवाजात गायचे. कर्ण्याच्या टोकाशी असलेला पातळ पडदा त्या आवाजाने थरथरे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या चकतीवर रेघ कोरीत जाई. गायकाने मान हलवली तर आवाज कमी-अधिक होई. हातवारे, अदा, श्रोत्यांकडे पाहून घेतलेली दाद, म्हणजे तवायफेच्या गायनाचा अर्धा प्राण, या कर्ण्यापुढे निरुपयोगी होता. मंद, मुलायम स्वर यंत्र टिपत नसे. तंबोऱ्याची आस तर जवळजवळ नाहीशीच होई. टिकून राहत असे ते खडे, टोकदार आणि पल्लेदार गाणे.

दुसरी अडचण वेळेची होती. तबकडीच्या एका बाजूवर दोन ते तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. रागाची बढत करण्यात तास-दीड तास घालविणाऱ्या बैठकीच्या गवयाला हे बंधन मान्य होणे कठीण होते. अनेक मोठ्या उस्तादांनी प्रारंभी यंत्राकडे पाठ फिरवली. यंत्र आवाज चोरते, गळ्यातील ताकद शोषून घेते, अशाही समजुती होत्या. आपली विद्या वाटेल त्या दुकानात विकली जाईल ही भीती मात्र समजूत नव्हती, ती व्यवहाराला धरून होती.

गौहरजान यांनी या बंधनाशी भांडण केले नाही. आलाप जवळजवळ वगळून त्या थेट बंदिशीला हात घालीत, लय चढी ठेवीत, मोजक्या पण चमकदार ताना घेत आणि मुखड्यावर येऊन गाणे नेमक्या वेळात संपवीत. अखेरीस इंग्रजीत आपले नाव मोठ्याने उच्चारीत. हा ठसका नव्हता, ती कारखान्याची गरज होती. मेणाच्या मूळ चकत्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात. तेथे तबकड्या तयार करणाऱ्यांना कोणते गाणे कोणाचे हे त्या उद्घोषणेवरून कळत असे. हॅनोव्हरच्या सोयीसाठी केलेली ती घोषणा भारतातील श्रोत्यांना मात्र गाण्याचाच भाग वाटू लागली आणि गायिकेची ओळख बनली.

या व्यापाराचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. तबकडी ज्या लाखेची बनत असे, ती लाख प्रामुख्याने भारतातूनच युरोपला जात होती. छोटा नागपूरच्या जंगलातील लाख सातासमुद्रापार जाई आणि कलकत्त्याच्याच गायिकेचा आवाज घेऊन बाजारात परत येई. १९०३ च्या वसंतात अशा पहिल्या तबकड्या भारतात विक्रीस आल्या. मागणी इतकी वाढली की कंपनीने १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे स्वतःचा कारखाना सुरू केला.

महाराष्ट्रातील वाचकांना यासंदर्भात भाऊराव कोल्हटकर यांचे स्मरण झाल्याशिवाय राहणार नाही. संगीत नाटकांचे प्रेक्षक ज्यांच्या आवाजाने वेडे झाले होते ते भाऊराव फेब्रुवारी १९०१ मध्ये निवर्तले. गेसबर्ग भारतात आले त्याच्या दीड वर्ष आधी. त्यामुळे भाऊरावांच्या गाण्याबद्दल आपल्याकडे केवळ वर्णने आहेत, तर गौहरजान यांचे गाणे आपण प्रत्यक्ष ऐकू शकतो.

१९०२ ते १९२० या काळात गौहरजान यांनी दहाहून अधिक भाषांत मिळून सुमारे ६०० ध्वनिमुद्रणे केली. त्यांत हिंदुस्थानी, बंगाली, गुजराती, तमिळ, फारसी, पश्तो, इंग्रजी यांबरोबर मराठीचाही समावेश आहे. ख्याल, ठुमरी, दादरा, कजरी, होरी, भजन असे सर्व प्रकार त्यांत आढळतात. परंतु बाजारात अधिक चालले ते ठुमरी-दादऱ्याचे हलके, छोटे प्रकार. तीन मिनिटांत पूर्ण होणारे गाणे हे गाण्याचे स्वाभाविक माप आहे, असे श्रोत्यांना वाटू लागले. पुढे नाट्यपदांच्या तबकड्या, भावगीते आणि चित्रपटगीते याच मापाने बेतली गेली. प्रस्तुत लेखकाच्या मते भारतीय गाण्यावर यंत्राने केलेला हा सर्वांत खोल परिणाम आहे, आणि तबकड्या बाजारातून गेल्यानंतरही तो ओसरला नाही.

सामाजिक परिणाम याहून गुंतागुंतीचा होता. तवायफेच्या बैठकीस जाणे हे प्रतिष्ठित कुटुंबांत निषिद्ध मानले जाई आणि घरातील स्त्रियांना तर ते गाणे कानी पडण्याचा मार्गच नव्हता. ग्रामोफोनने तो मार्ग खुला केला. ज्या घराच्या उंबरठ्याच्या आत गौहरजान यांना पाऊल टाकता आले नसते, त्या घराच्या दिवाणखान्यात त्यांचा आवाज मानाने वाजू लागला. अलाहाबादच्या जानकीबाई, आग्र्याच्या जोहराबाई याही याच वाटेने घरोघरी पोहोचल्या. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात गौहरजान व जानकीबाई यांनी सम्राट पंचम जॉर्ज यांच्यासमोर एकत्र गायन केले. गौहरजान यांची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापली गेली. ऑस्ट्रियात तयार होणाऱ्या काड्यापेट्यांवरही त्यांचे चित्र असे, असे म्हणतात. मात्र आवाजाला मिळालेली प्रतिष्ठा व्यक्तीला मिळाली, असे म्हणता येत नाही.

त्यांच्या श्रीमंती थाटाच्या कथा विपुल आहेत. मांजरीच्या विवाहसोहळ्यावर केलेला हजारोंचा खर्च, घोड्यांच्या बग्गीवरून झालेला दंड या कथा प्रत्येक लेखात येतात आणि त्यांतील किती खऱ्या हे ठरवणे अवघड आहे. खाजगी आयुष्य मात्र कष्टाचे होते. १९०६ मध्ये आईचे निधन झाले. मुंबईच्या पारशी-गुजराती रंगभूमीवरील नट व लेखक अमृत केशव नायक यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला होता. नायक १९०७ मध्ये अकाली वारले. आईच्या पश्चात मालमत्तेवर दावा सांगणाऱ्याविरुद्ध त्यांना न्यायालयात जावे लागले आणि त्यासाठी, ज्या पित्याने लहानपणीच साथ सोडली होती त्याला शोधून साक्षीला आणावे लागले. तो खटला त्यांनी जिंकला. पुढे आपले तबलजी व व्यवस्थापक अब्बास यांच्याशी त्यांनी विवाह केला, तोही कोर्टकचेऱ्यांत संपला. संपत्ती यांत वाहून गेली.

याच सुमारास यंत्रही बदलत होते. १९२५ पासून परदेशात मायक्रोफोनच्या साह्याने विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि काही वर्षांत ते भारतातही आले. आता कर्ण्यात ओरडण्याची आवश्यकता उरली नाही. कुजबुजीसारखा स्वरही टिपता येऊ लागला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले, पाठोपाठ ऑगस्टमध्ये कलकत्त्यात. मायक्रोफोनसाठी वेगळा गळा लागत होता आणि नवे आवाज रांगेत उभे होते. गौहरजान यांची पन्नाशी उलटली होती.

अशा वेळी म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वाडियार यांनी त्यांना आश्रय दिला. १ ऑगस्ट १९२८ पासून त्यांची दरबारी गायिका म्हणून नेमणूक झाली आणि राहण्यास दिलखुश नावाचे घर मिळाले. कर्नाटक संगीताच्या या पीठात उत्तरेकडील गायिकेचे काय काम, असा प्रश्न पडू शकतो. पण म्हैसूर दरबाराला हिंदुस्थानी संगीत परके नव्हते. भास्करबुवा बखले यांचे गुरू, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ, आयुष्याच्या अखेरीस याच दरबारात होते. सतारवादक बरकतुल्ला खाँ दरबाराच्या सेवेत होते. अब्दुल करीम खाँ यांना येथेच संगीतरत्न ही पदवी मिळाली आणि फैयाज खाँ यांचाही येथे गौरव झाला. महाराज स्वतः अनेक वाद्ये वाजवीत आणि राजवाड्यात पाश्चात्त्य वाद्यवृंदही होता.

एक विसंगती मात्र नजरेआड करता येत नाही. याच संस्थानाने १९०९ मध्ये आपल्या अखत्यारीतील मंदिरांतून देवदासींची सेवा बंद केली होती. सुधारणेचा तो निर्णय ज्या स्त्रियांसाठी होता, त्यांतील अनेकींचे गाणे व उपजीविका त्याच निर्णयाने संपुष्टात आली. वीस वर्षांनंतर तशाच पेशातील एक गायिका राजाश्रयास आली आणि तिला सन्मानाने ठेवून घेण्यात आले, कारण ती देशभर नाव झालेली गौहरजान होती. ते नाव तबकडीने झालेले होते.

म्हैसूरचे दिवस सुखाचे गेले नाहीत. प्रकृती साथ देत नव्हती, ५०० रुपयांत साथीदार व नोकरचाकर यांचा खर्च भागवणे जड जात होते. दीड वर्षाच्या आतच रुग्णालयात त्यांचा अंत झाला. त्यानंतर मालमत्तेवर हक्क सांगणाऱ्यांची आणि येणे असल्याचा दावा करणाऱ्यांची पत्रे दरबाराकडे येऊ लागली. त्यांत अब्बास यांचेही पत्र होते. पाच वर्षांनी, सप्टेंबर १९३५ मध्ये, याच म्हैसूरमध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरातून खाजगी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्याला आकाशवाणी हे नाव दिले. पुढे तेच नाव देशाच्या नभोवाणीने स्वीकारले.

दरबारातील त्या पत्रव्यवहाराची दप्तरे म्हैसूरच्या अभिलेखागारात अनेक दशके पडून होती. वाडियार घराण्याच्या इतिहासावर काम करीत असताना इतिहासकार विक्रम संपत यांच्या ती हाती लागली आणि त्यांतून २०१० मध्ये गौहरजान यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध झाले. संग्राहकांनी जपलेल्या जुन्या तबकड्यांचे आता डिजिटल रूपांतर झाले आहे. सुईच्या खरखरीतून प्रथम सारंगी ऐकू येते, नंतर गाणे, आणि ते संपता संपता, हॅनोव्हरच्या कारागिरांसाठी घाईने उच्चारलेले गायिकेचे नाव.