स्टिक, चेंडू आणि इमान

दर वर्षी २९ ऑगस्टला आपल्या जिमखान्यात एका फोटोला हार घातला जातो, नारळ फुटतो, रस्सीखेच होते आणि राष्ट्रीय क्रीडा दिन पार पडला असं समजून आपण सगळे मेसकडे वळतो. फोटो मेजर ध्यानचंद यांचा. कॉन्व्हेंटमध्ये असताना मलाही त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की जनरल नॉलेजच्या पेपरात हॉकीचा जादूगार कोण असं आलं की हे नाव लिहायचं आणि एक मार्क खिशात घालायचा. या माणसाकडे नीट बघायला लागले ते मंद्रूपमुळे. कसं, ते पुढे येईलच.

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ चा, अलाहाबादचा, म्हणजे आजच्या प्रयागराजचा. वडील समेश्वर सिंग ब्रिटिशांच्या फौजेत होते. सतत बदल्या, त्यामुळे पोराची शाळा सहावीच्या पुढे गेली नाही. शेवटी कुटुंब झाशीला स्थिरावलं. लहानपणी त्यांना हॉकीचं वेड वगैरे काही नव्हतं, आवड होती ती कुस्तीची! १९२२ मध्ये ते शिपाई म्हणून फौजेत भरती झाले आणि पलटणीतल्या सुभेदार-मेजर तिवारींनी त्यांच्या हातात स्टिक दिली. दिवसभर ड्युटी, मग सराव कधी करायचा? तर रात्री, चांदण्यात. म्हणून दोस्तांनी मूळच्या ध्यान सिंगचं ध्यान‘चंद’ करून टाकलं असं सांगतात. (आपल्याकडे रात्री जागणाऱ्यांना इतकी छान नावं कुणी देत नाही.)

१९२६ मध्ये फौजेचा संघ न्यूझीलंडला गेला. २१ सामने, त्यातले १८ जिंकले, २ बरोबरीत, फक्त १ हरला. परत आल्यावर शिपायाचे लान्स नाईक झाले. एवढा पराक्रम करून एक फीत!

१९२८ ची गोष्ट मात्र आपल्या मुंबईची आहे. भारताचा हॉकी संघ पहिल्यांदाच ऑलिम्पिकला निघाला होता. बोटीवर चढण्याआधी मुंबईच्या संघाशी सामना झाला आणि ऑलिम्पिकला निघालेले आपले वीर ३-२ ने हरले. भारताचे दोन्ही गोल ध्यानचंद यांचे. साहजिकच बंदरावर निरोपाला मोजून तीन माणसं होती. पुढे ॲमस्टरडॅमला हा संघ पाच सामने खेळला, २९ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. त्यातले १४ ध्यानचंद यांचे. सुवर्णपदक घेऊन बोट परत मुंबईला लागली तेव्हा बंदरावर पाय ठेवायला जागा नव्हती. सेमिस्टरला एटीकेटी लागल्यावर किती मित्र उरतात आणि कॅम्पसमध्ये सिलेक्शन झाल्यावर किती येतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको.

त्यांच्या स्टिकला चेंडू चिकटूनच राहायचा, म्हणून हॉलंडमध्ये कुणी तरी ती मोडून आत लोहचुंबक आहे का ते तपासलं, अशी एक दंतकथा आहे. हॉकीचा चेंडू लोखंडाचा नसतो हे तपासणाऱ्याच्या ध्यानात कसं आलं नाही, हा प्रश्न फक्त आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना पडत असावा. हिटलरची गोष्ट तर सगळ्यांनाच पाठ आहे. तिला पक्का पुरावा नाही, म्हणून ती सोडून देते.

१९३२ च्या लॉस एंजलिसबद्दल फार लिहीत नाही. हॉकीत तीनच देश होते. जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ असं हरवलं. भारताच्या ३५ गोलांपैकी २५ एकाच घरचे : धाकट्या रूपसिंगचे १३ आणि ध्यानचंद यांचे १२. पण संघनिवडीची एक बाब मला खटकते. निवडीसाठी प्रांतांची स्पर्धा होती आणि बाकीच्यांना तिथे खेळून जागा मिळवावी लागली. ध्यानचंद यांना पलटणीने रजाच दिली नाही, तर त्यांना स्पर्धा न खेळताच संघात घेतलं. निवड चुकली असं कोण म्हणेल? पण नियम सगळ्यांना सारखा नव्हता, हेही तितकंच खरं.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. १९३३ चा बायटन कप, कलकत्ता. ध्यानचंद आपल्या झाशी हिरोज या क्लबकडून खेळत होते आणि फायनलला समोर कलकत्ता कस्टम्सचा दादा संघ होता. कस्टम्सचे हल्ल्यावर हल्ले चालले होते. अशात ध्यानचंद यांनी एक लांब पास काढला, इस्माईल नावाचा त्यांचा साथीदार अर्धं मैदान धावत गेला आणि गोल झाला. १-० ने कप झाशीला. पुढे १९५२ मध्ये ‘गोल’ या नावाचं त्यांचं आत्मचरित्र आलं. तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवलेल्या या माणसाने आयुष्यातला सर्वोत्तम सामना म्हणून हाच निवडला. ज्यात त्यांचा स्वतःचा एकही गोल नाही तो!

आणखी एक किस्सा. एका सामन्यात त्यांचे फटके सारखे थोडक्यात हुकत होते. दुसऱ्या कुणी स्टिकला नाहीतर नशिबाला दोष दिला असता. हे थेट पंचांकडे गेले आणि गोलपोस्टची रुंदी कमी आहे म्हणाले. मोजली तर खरंच नियमापेक्षा कमी भरली! दोन खांबांमध्ये १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर अंतर हवं असा नियम आहे. टेप न लावता एवढा फरक ओळखणारी नजर आमच्या सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला मिळाली असती तर काय हवं होतं!

हा किस्सा मी पहिल्यांदा ऐकला तो मंद्रूपला.

आपलं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर दक्षिण सोलापुरात, विजापूर रस्त्यावरच्या मंद्रूपला होतं, हे येणाऱ्यांना आठवत असेल. दिवसा श्रमदान आणि सर्व्हे, संध्याकाळी करायचं काय? आमची राहण्याची सोय होती त्या हॉलला मस्त गुळगुळीत शहाबादी फरशी होती. मेकॅनिकलच्या पोरांनी पीव्हीसी पाइपचे तुकडे चुलीवर गरम करून वाकवले, झाल्या स्टिक्स. जुन्या मोज्यांच्या बोळ्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळली, झाला चेंडू. टप्पा घेत नाही, फरशीवरून सरपटतो. दोन-दोन चपला ठेवून गोल केले. मुलं-मुली एकत्र, सहा विरुद्ध सहा. दारात गावातली बारकी पोरं मराठी आणि कानडीत ओरडायला हजर.

पहिल्या संध्याकाळी नियमच नव्हते. पाइप खांद्यापर्यंत वर जात होते. एकीच्या नडगीला लागलं, एकीची बोटं सुजली. दुसऱ्या दिवशी नऊ मुलींपैकी दोघीच खेळायला आल्या. मग मुलांनी मोठ्या मनाने दोन नियम काढले. मुलीने केलेला गोल दोन धरायचा आणि मुलीकडे चेंडू असेल तर मुलाने तो काढून घ्यायचा नाही. तिसऱ्या संध्याकाळी आम्ही चेंडू घेऊन निघालो की समोरचे अदबीने बाजूला व्हायचे, बसस्टँडवर म्हाताऱ्या माणसाला वाट द्यावी तसे. आमचा स्कोअर चौदा झाला. इतका कंटाळवाणा खेळ मी जन्मात खेळले नव्हते. काय बिनसलंय ते कळत होतं, पण मुलांना सांगायचं कसं? त्यांनी तर आमच्या भल्यासाठीच केलं होतं.

गावातले एक निवृत्त गुरुजी रोज येऊन दाराशी बसायचे. त्यांनी आधी गोलपोस्टचा किस्सा सांगून आम्हाला चपलांमधलं अंतर मोजायला लावलं. एका बाजूचा गोल वीतभर मोठा निघाला! आणि मग त्यांनी बर्लिन सांगितलं. घरी आल्यावर मी पुस्तकातून ताडून पाहिलं, ते असं.

१९३६ चं बर्लिन ऑलिम्पिक. ध्यानचंद आता कॅप्टन होते. स्पर्धेआधीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असं हरवलं. कॅप्टनची झोप उडाली आणि भारतातून दारा नावाच्या खेळाडूला तातडीने बोलावून घेतलं गेलं. तो सेमीफायनलपर्यंत येऊन पोचला. फायनल पुन्हा जर्मनीशीच. पावसामुळे ती एक दिवस पुढे गेली आणि खेळली गेली १५ ऑगस्टला. (तारीख बघा! अकरा वर्षं आधीच.) मैदानात उतरण्यापूर्वी संघाचे पंकज गुप्ता यांनी ड्रेसिंग रूममध्ये काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि सगळ्यांनी त्याला वंदन केलं. यातले कित्येक जण ब्रिटिशांचे पगारी नोकर होते, हे ध्यानात घेऊन ते दृश्य डोळ्यांपुढे आणावं.

हाफटाइमला स्कोअर होता अवघा १-०. मैदान ओलं, पाय घसरत होते. दुसऱ्या हाफमध्ये ध्यानचंद यांनी स्पाइकचे बूट काढून टाकले आणि मग गोलांची रांग लागली. जर्मन खेळाडू चिडले, खेळ धसमुसळा झाला. त्यांचा गोलकीपर धावत येऊन ध्यानचंद यांच्यावर आदळला आणि त्यांचा दात पडला. तेव्हा बदली खेळाडू घ्यायची सोय नव्हती, ग्रीन-यलो कार्डंही नव्हती. मलमपट्टी करून ते परत आले आणि त्यांनी साथीदारांना सांगितलं म्हणतात की यांना धडा शिकवायचा, आता गोल मारायचा नाही. भारतीय खेळाडू चेंडू जर्मनांच्या गोलपर्यंत न्यायचे आणि तिथून शांतपणे मागे आणायचे. पुन्हा न्यायचे, पुन्हा आणायचे. कुणाला धक्का नाही की कुणाच्या नडगीवर स्टिक नाही. सामना भारताने ८-१ ने जिंकला. संपूर्ण स्पर्धेत भारतावर झालेला तो एकच गोल.

गुरुजींची गोष्ट संपल्यावर हॉलमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. ध्यानचंद यांना जर्मनांचा सर्वांत मोठा अपमान करायचा होता, तेव्हा त्यांनी काय केलं? त्यांच्याशी खरं खेळणं बंद केलं. आणि आमची मुलं तीच शिक्षा, अगदी चांगल्या मनाने, तिसऱ्या संध्याकाळी आम्हाला देत होती! मी हे बोलून दाखवलं तेव्हा थोडी वादावादी झाली. एक जण म्हणाला की मग ध्यानचंद तरी कुठे खिलाडू वागले, तो माजच झाला. मला तसं वाटत नाही. दात पाडणाऱ्याला दात न पाडता दिलेलं उत्तर आहे ते. पण आम्ही कुणाचा दात पाडला होता?

चौथ्या संध्याकाळपासून दुप्पट गोल बंद झाला. चेंडू कुणाकडूनही काढून घ्यायचा, पण स्टिकनेच. स्टिक गुडघ्याच्या वर गेली की चेंडू समोरच्यांना, मग तो फटका मुलाचा असो की मुलीचा. अंगाला अंग लागलं तरी तेच. पंच नव्हता, म्हणून ज्याचा फाउल त्यानेच हात वर करायचा असं ठरलं. पहिले दहा मिनिटं एकही हात वर झाला नाही. मग आमच्यातला सर्वांत आडदांड गडी आपणहून थांबला आणि बाकीच्यांची पंचाईत झाली. शेवटच्या दिवशी नऊच्या नऊ जणी खेळल्या. आम्ही ३-२ ने हरलो, रीतसर.

ध्यानचंद त्यानंतरही खूप खेळले. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिक्स झालीच नाहीत, नाहीतर पदकं किती झाली असती कोण जाणे. १९४७-४८ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, ते संघ घेऊन पूर्व आफ्रिकेला गेले. त्या दौऱ्यातलं असं सांगतात की त्यांनी बाबू नावाच्या तरुण खेळाडूला पास दिला आणि गोल झाला की नाही हे न बघताच पाठ फिरवली. नंतर कारण विचारलं तर म्हणाले की एवढ्या पासवर गोल होत नसेल तर त्याने माझ्या संघात असूच नये. हा विश्वास की दरारा, तुम्हीच ठरवा.

१९५६ मध्ये ते फौजेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं. पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी हॉकी शिकवली. शेवटची वर्षं ओढाताणीची गेली. अहमदाबादला एका स्पर्धेच्या ठिकाणी त्यांना कुणी ओळखलंच नाही आणि दारातूनच परत पाठवलं, असंही सांगतात.

१५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरला वर्ल्ड कपची फायनल झाली, भारत विरुद्ध पाकिस्तान. विजयी गोल मारला अशोक कुमारने, म्हणजे ध्यानचंद यांच्या मुलाने. चेंडू गोलपोस्टच्या आतल्या कोपऱ्याला लागून उसळला आणि बाहेर आला. पाकिस्तानच्या खेळाडूंनी तो गोलच नाही म्हणून हरकत घेतली, पण पंच ठाम राहिले आणि भारत २-१ ने जिंकला. बापाच्या गोष्टीत गोलपोस्ट अरुंद, मुलाच्या गोष्टीत गोलपोस्टचा कोपरा!

दुसऱ्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि भारत सातवा आला. ध्यानचंद यांनी तेही पाहिलं.

३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये यकृताच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमला त्यांचं नाव मिळालं २००२ मध्ये, खेलरत्न पुरस्काराला २०२१ मध्ये. अंत्यसंस्कार मात्र दिल्लीत झाले नाहीत. त्यांना झाशीला नेलं आणि झाशी हिरोजच्या मैदानावरच अग्नी दिला.